तंत्रज्ञान ६ वर्षांचं, अनुभव मागितला १२ वर्षांचा! नोकरीच्या जाहिरातीतला हा आकडा येतो कुठून?

जुलै २०२०. सेबास्टियन रामिरेझ नावाच्या कोलंबियन प्रोग्रामरने ट्विटरवर एक छोटी पोस्ट टाकली. त्याच्या पाहण्यात नोकरीची एक जाहिरात आली होती. त्यात ‘फास्टएपीआय’ या सॉफ्टवेअरवर काम केल्याचा ४ वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. रामिरेझने लिहिलं, मला काही इथे अर्ज करता येणार नाही, कारण माझा अनुभव जेमतेम दीड वर्षाचा आहे.

दीड वर्षाचाच का? कारण फास्टएपीआय त्यानेच तयार केलं होतं, आणि ते जगासमोर येऊन दीडच वर्ष झालं होतं.

पोस्ट जगभर फिरली. त्याच महिन्यात आयबीएमची एक जाहिरात चर्चेत आली. त्यात ‘कुबरनेटिस’ सांभाळण्याचा किमान १२ वर्षांचा अनुभव हवा होता. कुबरनेटिस गुगलने जाहीर केलं जून २०१४ मध्ये. म्हणजे जाहिरात आली तेव्हा ते अवघं ६ वर्षांचं होतं.

लोक हसले, मीम झाले, विषय संपला. पण नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी तो संपत नाही. ‘फ्रेशर हवा, २ वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशी जाहिरात वाचून रोज कुणीतरी फोन बाजूला ठेवतं आणि अर्जच करत नाही. म्हणून हा आकडा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि तो किती गंभीरपणे घ्यायचा, हे नीट समजून घेऊ.

आधी तीन प्रकार वेगळे करू

अवास्तव अटी म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. खरं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला प्रकार अशक्य अटीचा. तंत्रज्ञानाचं वयच जितकं नाही, तितका अनुभव मागायचा. वरची दोन्ही उदाहरणं या प्रकारातली. हा प्रकार सगळ्यात गाजतो, पण तो त्यामानाने कमी दिसतो.

दुसरा प्रकार म्हणजे एका माणसात चार माणसं शोधणं. वेबसाइटचा दर्शनी भाग, मागचा सर्व्हर, डेटाबेस, क्लाउड, मोबाइल ॲप आणि टेस्टिंग हे सगळं येणारा एकच उमेदवार हवा, आणि प्रत्येकात ३ ते ५ वर्षांचा अनुभव हवा. यातली एकेक अट सुटी पाहिली तर शक्य असते, पण सगळ्या एकत्र पूर्ण करणारा माणूस मिळणं फार कठीण. मिळाला तरी तो त्या पगारात येणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त लोकांना बसतो. नोकरी सुरुवातीची, पगार सुरुवातीचा, पण अट अनुभवाची. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

कोणतं तंत्रज्ञान किती वर्षांचं?

जाहिरातीतला आकडा शक्य आहे का, हे तपासायला एक वजाबाकी पुरते. जाहिरातीच्या वर्षातून तंत्रज्ञान आलं ते वर्ष वजा करा. नेहमी मागितली जाणारी काही नावं आणि त्यांची वर्षं अशी:

• जावा: १९९५
• गो: नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर, १.० आवृत्ती मार्च २०१२
• टाइपस्क्रिप्ट: ऑक्टोबर २०१२
• डॉकर: मार्च २०१३
• रिॲक्ट: मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं
• स्विफ्ट: जून २०१४
• कुबरनेटिस: जून २०१४ मध्ये जाहीर, १.० आवृत्ती जुलै २०१५
• रस्ट: १.० आवृत्ती मे २०१५
• कोटलिन: १.० आवृत्ती फेब्रुवारी २०१६
• फ्लटर: १.० आवृत्ती डिसेंबर २०१८
• फास्टएपीआय: डिसेंबर २०१८
• चॅटजीपीटी: नोव्हेंबर २०२२

इथे एक बारकावा आहे. तंत्रज्ञान जाहीर होणं आणि कंपन्यांनी ते रोजच्या कामात वापरायला घेणं, यात बरेचदा एक-दोन वर्षं जातात. त्यामुळे वजाबाकीतून येतो तो जास्तीत जास्त शक्य अनुभव. बहुतेकांचा खरा अनुभव त्याहून कमीच असतो. २०१६ साली कुणी स्विफ्टचा ५ वर्षांचा अनुभव मागितला असता, तर तो ॲपलबाहेर जगात कुणाकडेही असणं शक्य नव्हतं.

मग हा आकडा जाहिरातीत येतो कसा?

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत एका टीममधली मुलगी नोकरी सोडून गेली. टीम लीड एचआरला कळवतो, ‘रिॲक्ट चांगलं येणारं कुणीतरी हवं आहे, लवकर बघा.’ एचआरसमोर एक फॉर्म असतो. त्यात ‘चांगलं येणारं’ लिहायला जागा नसते. जागा असते ती किमान वर्षं आणि कमाल वर्षं लिहायला. रिॲक्ट चांगलं येणं म्हणजे किती वर्षं, हे एचआरमधल्या व्यक्तीला माहीत असण्याचं कारण नाही. ती विचारते. टीम लीड घाईत सांगतो, ‘टाका ४-५ वर्षं.’ आकडा तयार झाला.

कौशल्याचं वर्षांत असं भाषांतर झालं की पुढे त्यावर आणखी थर चढतात.

१. जुन्या जाहिरातीची नक्कल. कोऱ्या पानावर जाहिरात क्वचितच लिहिली जाते. आधीची फाइल उघडायची, जुन्या तंत्रज्ञानाचं नाव काढून नवं टाकायचं, की काम झालं. जावासाठी ८ वर्षं मागणं अगदी रास्त. पण नाव बदललं आणि आकडा तसाच राहिला, तर अशक्य जाहिरात जन्माला येते. कधी एकूण अनुभवाचा आकडा चुकून एकाच तंत्रज्ञानापुढे जाऊन बसतो.

२. सोडून गेलेल्या माणसाची सावली. जी मुलगी नोकरी सोडून गेली, ती चार वर्षांत त्या कंपनीतच बरंच काही शिकली होती. जाहिरात लिहिताना तिला जाताना जे जे येत होतं त्याची यादी होते. ती रुजू झाली त्या दिवशी तिला त्यातलं निम्मंही येत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

३. पगाराची पायरी. अनेक कंपन्यांत पगार हा अनुभवाच्या वर्षांना बांधलेला असतो. ‘३ ते ५ वर्षं’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा ‘या जागेसाठी आमच्याकडे एवढंच बजेट आहे’ असा असतो. म्हणूनच कमाल मर्यादाही दिलेली असते. १० वर्षं अनुभव असलेल्या माणसाला ते काम जमणार नाही, असं कुणालाच वाटत नसतं.

४. ग्राहकाशी झालेला करार. भारतातल्या आयटी सेवा कंपन्यांचं हे खास कारण आहे. या कंपन्या परदेशी ग्राहकाला माणसांच्या तासांचं किंवा महिन्यांचं बिल लावतात, आणि त्या बिलाचे दर अनेकदा अनुभवाप्रमाणे ठरलेले असतात. करारात ‘५ वर्षं अनुभवाचे दोन जण’ लिहिलं असेल, तर ३ वर्षांची हुशार मुलगी ग्राहकापुढे उभी करता येत नाही. इथे वर्षं हे कौशल्याचं माप राहत नाही, ते बिलाचं एकक होतं.

५. गर्दी आवरणं. नोकरीच्या साइटवर एका क्लिकमध्ये अर्ज करता येतो. त्यामुळे एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. सगळे वाचायला माणसं नसतात. मग आकडा वाढवून दारातच गर्दी कमी करायची, हा सोपा उपाय वाटतो.

या पाचही कारणांत एक गोष्ट समान आहे. हे काम करायला नेमकी किती वर्षं लागतात, असं बसून कुणीही मोजलेलं नाही. काम बघून ठरवलेला आकडा फार थोड्या जाहिरातींत असतो. बाकी ठिकाणी तो फॉर्म, बजेट, बिल आणि घाई यांतून आलेला असतो.

सॉफ्टवेअर मात्र आकडा अक्षरशः घेतं

घाईत टाकलेला आकडा माणसाने वाचला तर तो थोडं इकडे-तिकडे करू शकतो. पण मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बरेचदा सॉफ्टवेअर लावतं. फॉर्ममध्ये ‘या तंत्रज्ञानाचा किती वर्षांचा अनुभव?’ असा प्रश्न असतो. ५ हवे असताना तुम्ही ४ लिहिलं, तर अर्ज माणसापर्यंत पोहोचेलच असं नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये यावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या सव्वादोन हजार अधिकाऱ्यांना त्यासाठी प्रश्न विचारले होते. त्यातल्या ८८ टक्क्यांनी मान्य केलं की, उच्च कौशल्याचे चांगले उमेदवार जाहिरातीतल्या नेमक्या अटींत बसत नाहीत एवढ्यामुळे आमच्याच प्रक्रियेत गाळले जातात. म्हणजे ही तक्रार फक्त नाकारलेल्या उमेदवारांची नाही. ज्यांनी चाळणी लावली, त्यांनाही भोकं चुकीच्या मापाची आहेत हे ठाऊक आहे.

‘ही जाहिरात मुद्दामच अशी आहे’ असं म्हणतात, ते खरं का?

अशा पोस्टखाली हमखास एक कमेंट असते: ‘कुणी अर्ज करूच नये म्हणून टाकलेली जाहिरात आहे. व्हिसासाठी.’ यामागे अमेरिकेतला एक खरा नियम आहे, पण तो अर्धवट सांगितला जातो.

अमेरिकेत एखाद्या कंपनीला परदेशी कर्मचाऱ्यासाठी नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी सरकारच्या कामगार खात्याला दाखवावं लागतं की या जागेसाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी कामगार मिळाला नाही. त्यासाठी जागेची जाहिरात द्यावी लागते. व्यावसायिक पदांसाठीच्या या नियमांत दोन रविवारी छापील वर्तमानपत्रात जाहिरात देणं, हाही भाग आहे. अमेरिकेतल्या मराठी इंजिनिअरांच्या घरात ही प्रक्रिया चांगली ओळखीची असते. एच-१बी व्हिसासाठी मात्र साधारणपणे अशी जाहिरात द्यावी लागत नाही.

आता पेच बघा. ज्याच्यासाठी अर्ज करायचा, तो माणूस त्या खुर्चीवर आधीच काम करत असतो. त्यामुळे दुसरं कुणी अर्ज करावा, अशी कंपनीची फारशी इच्छा नसते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने फेसबुकवर याच मुद्द्यावरून दावा लावला. कंपनी अशा जागा आपल्या नेहमीच्या साइटवर जाहीर करत नाही आणि अर्ज टपालाने मागवते, असा आरोप होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तडजोड झाली. त्यात दंड आणि भरपाई मिळून १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची रक्कम ठरली.

पण त्या प्रकरणात वाद जाहिरात कुठे दिली आणि अर्ज कसे मागवले, यावर होता. अनुभवाचा आकडा फुगवण्यावर नव्हता. उलट नियम असा आहे की, अशा जाहिरातीतल्या अटी त्या कामासाठी लागणाऱ्या खऱ्याखुऱ्या किमान अटी असल्या पाहिजेत. तेव्हा प्रत्येक विचित्र जाहिरातीमागे व्हिसाचा डाव आहे, असं म्हणता येत नाही. पुण्यातल्या नाहीतर नागपुरातल्या नोकरीच्या जाहिरातीशी तर या नियमाचा काही संबंधच नाही. तिथे वरची पाच कारणंच जास्त लागू पडतात.

वर्षं मोजून काम येतं की नाही, हे कळतं का?

याचं उत्तर शोधण्याचा चांगला प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक चॅड व्हॅन इडेकिंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ अभ्यास एकत्र करून त्यांचं विश्लेषण केलं. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रश्न साधा होता: आधीच्या नोकऱ्यांतला अनुभव जास्त असलेले लोक नव्या कंपनीत जास्त चांगलं काम करतात का? दोन्हींतला संबंध अतिशय क्षीण निघाला. ते नोकरीत टिकतात का, याच्याशी तर संबंध जवळपास शून्य होता.

अनुभव निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. त्या माणसाने आधीच्या वर्षांत काय केलं आणि किती चांगलं केलं, हे नुसत्या वर्षांवरून कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकच काम पाच वर्षं करणारा आणि पाच वर्षांत पाच अवघड कामं करणारा, फॉर्ममध्ये दोघेही ‘५ वर्षं’च लिहितात. रामिरेझनेही त्या पोस्टमध्ये हेच सुचवलं होतं: अनुभवाची वर्षं म्हणजेच कौशल्य, हे समीकरण आपण पुन्हा तपासायला हवं.

नुकसान कोणाचं होतं?

पहिलं, जे प्रामाणिकपणे वाचतात त्यांचं. स्त्रिया १०० टक्के अटी पूर्ण झाल्या तरच अर्ज करतात आणि पुरुष ६० टक्क्यांवरही करतात, हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. तो आकडा एका कंपनीच्या अंतर्गत अहवालाच्या हवाल्याने पसरला आहे. त्यामागे सर्वांना तपासता येईल असा प्रसिद्ध झालेला अभ्यास नाही, त्यामुळे तो जपून वापरावा. मात्र तो आकडा वाचून लेखिका तारा मोहर यांनी हजाराहून जास्त स्त्री-पुरुषांना विचारलं की तुम्ही अर्ज का केला नाही, आणि त्याबद्दल २०१४ मध्ये लिहिलं. सगळ्यात मोठं कारण आत्मविश्वासाचा अभाव हे नव्हतं. स्त्रिया आणि पुरुष दोघांचंही मुख्य उत्तर असं होतं की, अटी पूर्ण होत नसताना ते घेणारच नाहीत, मग वेळ कशाला घालवायचा? म्हणजे जाहिरातीतल्या इच्छेला त्यांनी नियम मानलं.

लहान गावातून पहिल्यांदा आयटीत येणाऱ्यांचंही तेच होतं. घरात किंवा ओळखीत कुणी त्या क्षेत्रातलं असेल, तर ते सांगतं, ‘अरे, टाक अर्ज, तसं लिहितातच ते.’ ज्याला हे सांगणारं कुणी नाही, तो छापलेलं खरं मानतो.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. अनुभवाच्या अटीमुळेच खोट्या अनुभवपत्रांचा बाजार उभा राहिला आहे. नावापुरत्या कंपनीचं पत्र आणि पगाराच्या खोट्या पावत्या देणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’ फ्रेशर मुलांकडून पैसे घेतात. पण आता कंपन्या नेमणुकीच्या आधी किंवा नंतर पार्श्वभूमी तपासून घेतात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आहे, आणि कुठल्या कंपनीतून कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला, हे त्यात दिसतं. दोन वर्षांच्या ‘नोकरी’ची तिथे एकही नोंद नसली, की प्रश्न सुरू होतात. २०२२ मध्ये एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीने बनावट कंपन्यांची पत्रं देणाऱ्या भारतातल्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं होतं. अशा मुलांची पहिली खरी नोकरी जाते, आणि बनावट कागद वापरल्याचा ठपका कायमचा मागे लागतो.

तिसरं नुकसान कंपनीचं. जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते, टीमवर कामाचा ताण येतो, आणि ‘चांगली माणसंच मिळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

मग अर्ज करायचा की नाही?

• अटी दोन रकान्यांत वाटा. ‘आवश्यक’ किंवा ‘अनिवार्य’ लिहिलेल्या एका बाजूला, ‘असल्यास उत्तम’ लिहिलेल्या दुसऱ्या बाजूला. निर्णय पहिल्या रकान्यावरून घ्या.

• कामाचं वर्णन आधी वाचा, अटी नंतर. रोज करायचं काम तुम्हाला जमणारं असेल आणि आकडा एक-दोन वर्षांनीच कमी पडत असेल, तर अर्ज करा. ८ वर्षं मागितली आहेत आणि तुमच्याकडे १ आहे, तर ती जागा बहुधा वेगळ्या पायरीची आहे. तिथे वेळ घालवू नका.

• एचआरचा फोन आला तर विचारा: ही वर्षं एकूण अनुभवाची की या एकाच तंत्रज्ञानाची? आणि अट ग्राहकाची आहे की तुमची? ग्राहकाची असेल तर ती सहसा हलत नाही. कंपनीची असेल तर बोलायला जागा असते.

• फॉर्ममध्ये खरा आकडाच लिहा. इंटर्नशिप ही इंटर्नशिप म्हणूनच दाखवा, पण दाखवा नक्की. फ्रीलान्स काम, कॉलेजच्या प्रोजेक्टमधली चालू स्थितीतली वेबसाइट, ओपन सोर्समध्ये दिलेला कोड यांच्या लिंक द्या. हे वर्षांत मोजलं जात नाही, पण मुलाखत घेणारा ते उघडून बघू शकतो.

• चाळणीला वळसा घालण्याचा सरळ मार्ग म्हणजे ओळखीतून शिफारस. त्या कंपनीत तुमच्या कॉलेजचे सीनिअर असतील तर त्यांना रेझ्युमे पाठवा. आकडा पाहून सॉफ्टवेअरने बाजूला ठेवला असता असा अर्ज मग माणसाच्या हातात जातो.

• अनुभवपत्र विकत घेऊ नका. ‘नोकरी लावतो, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्यांनाही पैसे देऊ नका.

आणि तुम्ही स्वतः टीम लीड असाल, एचआरमध्ये असाल, तर पुढच्या वेळी जाहिरात टाकण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. सध्या ते काम उत्तम करणाऱ्या आपल्याच माणसाचा, तो रुजू झाला त्या दिवशीचा रेझ्युमे काढा आणि जाहिरातीशेजारी ठेवा. तो तुमच्याच चाळणीत गळत असेल, तर चूक बाहेरच्या उमेदवारांची नाही. वर्षांचा रकाना भरावाच लागत असेल तर खरा किमान आकडा भरा, आणि त्याखाली दोन ओळींत लिहा की पहिल्या सहा महिन्यांत या माणसाने नेमकं काय करून दाखवायचं आहे.

फास्टएपीआयच्या जाहिरातीत ४ वर्षांच्या जागी तेवढं लिहिलं असतं, तरी ज्याने ते बनवलं त्याला अर्ज करता आला असता.